एकसष्ट नंबरची ट्यूब

लान ई-फेन आमच्या प्रयोगशाळेत आली त्याच दिवशी माझ्या मनात संशयाची पाल चुकचुकली. कारण विचाराल, तर पहिल्याच दुपारी ती मला म्हणाली, "ताई, मुकादमाच्या किती ट्यूब शिल्लक आहेत? आणि फ्रीझरची किल्ली कुणाकडे असते?"

नव्या सुनेने उंबरा ओलांडावा आणि आधी कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते विचारावं, तसलं हे झालं. मी म्हटलं, "किल्ली माझ्याकडे असते. गेली सव्वीस वर्षं."

"बरं," ती म्हणाली आणि तिच्या छोट्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

मुकादम म्हणजे कोण ते आधी सांगते. माणसाच्या पेशीत एक प्रोटीन असतं. एका पेशीच्या दोन व्हायच्या असल्या की ते कामाला लागतं. त्याने हुकूम सोडला की पेशी दुभंगते, नाही सोडला तर आहे तिथे बसून राहते. कागदावर त्याचं नाव सीडीके-वन आणि सोबत त्याची जोडीदारीण सायक्लिन-बी, पण एवढं लांबलचक कोण बोलतं? आमच्याकडे जो तो मुकादमच म्हणतो. प्रोटीन माणसाचं असलं तरी ते माणसातून काढत नाहीत. त्याचा जीन एका विषाणूत घालायचा आणि तो विषाणू लष्करी अळीच्या पेशींना द्यायचा. मक्यावर पडते तीच ही अळी. मग त्या पेशी बिचाऱ्या स्वतःचं काम सोडून माणसाचं प्रोटीन बनवत बसतात. ते वेगळं काढायचं, गाळायचं, शुद्ध करायचं आणि गोठवायचं.

या खेपेला त्यात आमचे चार महिने गेले. हाती आल्या एक्याऐंशी ट्यूब, नऊ ओळींत नऊ-नऊ, सगळ्या एका डब्यात. प्रत्येकीच्या तळाशी मोहरीच्या दाण्याहून जरासा मोठा थेंब. डबा उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये, फ्रीझरच्या डोक्यावर आमच्याकडच्या समजुतीप्रमाणे यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवलेला हिरवा खाऊचा पुडा, आणि दारावर माझ्या अक्षरातली पाटी: एकदा वितळलेली ट्यूब परत ठेवू नये. हे प्रोटीन फार नाजूक. एकदा वितळून परत गोठलं की अर्धमेलं, तीनदा झालं की संपलंच.

लानचं सगळं भवितव्य या डब्यात होतं. तिचा करार तीन महिन्यांचा. तेवढ्यात तिने नव्या औषधांपैकी कोणतं मुकादमाला आवरतं ते दाखवून दिलं, तर पुढे तीन वर्षांची नोकरी पक्की. नाही जमलं तर सामान उचलायचं. छत्तीस वर्षांची बाई, लग्न नाही, घरी आई एकटी. मला दया यायला हवी होती. आली नाही.

कारण ती शिंचू शहरातल्या एका कंपनीतून आली होती. त्या कंपनीचा धंदाच मुळी प्रोटीन विकण्याचा. आमच्याकडे मुकादमाच्या एका ट्यूबसाठी लोक हातापाया पडतात, आणि ही बाई तो धंदा सोडून आमच्या विद्यापीठात अर्ध्या पगारावर का यावी?

"ताई, तिला तिथून काढलंय म्हणे," आ-काई मला म्हणाला. हा आमचा पीएचडीचा विद्यार्थी. सहावं वर्ष चालू आहे, अभ्यास सोडून बाकी सगळ्यात हुशार.

"का रे? काय केलं तिने?"

"कुणा मोठ्याशी वाजलं. जास्त काही कळलं नाही. तीही बोलत नाही."

"न बोलणाऱ्यांचंच जास्त असतं," मी म्हटलं.

"आणि तुमचं?"

"माझं काय?"

"तुम्ही तर चोवीस तास बोलता."

"म्हणून तर माझ्याकडे किल्ली आहे. जा, भांडी धू."

दुसऱ्या दिवसापासून मी डबा मोजायला लागले. रोज काढायचा, टेबलावर ठेवायचा आणि एक्याऐंशीच्या एक्याऐंशी आहेत का ते बघायचं. वापरलेल्या नोंदवहीत असतात, त्या वजा करायच्या. झाकणांवर बर्फाची बुरशी चढलेली असते, नंबर दिसत नाहीत, म्हणून अंगठ्याने एकेक झाकण पुसायचं. पाच-सहा मिनिटांचं काम. तीन आठवडे मोजलं. एकही कमी नाही.

कमी नाही म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट मला वाटलं, बया पक्की आहे.

आणि मग तिचे आकडे घसरले.

सोमवारच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "मुकादमाचं काम सत्तर टक्क्यांवर आलंय. आधी शंभर होतं." आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख ज्वांग सर, त्यांनी चष्मा वर केला. सर माझ्याहून वयाने मोठे, तरी मला ताईच म्हणतात. भला माणूस, पण सगळं कागदावर बघणारा.

"तुझ्या हातात काही चुकतंय का?" सरांनी विचारलं.

"तपासलं, सर. माझ्या बाजूने सगळं ठीक आहे."

*माझ्या बाजूने.* ऐकलंत? म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी बाजूने ठीक नाही. मी मनात म्हटलं, मला वाटलंच होतं. ट्यूब चोरत नाही, ट्यूबमधलं चोरते. थोडं थोडं काढायचं, वर पाणी भरायचं, डबा पुन्हा जागच्या जागी. मोजून सापडणार कसं?

मग मी वजन करायला लागले.

आमच्याकडे एक फार नाजूक काटा आहे. त्यावर कागद ठेवून नाव लिहिलं तर शाईचं वजन दाखवतो. मी एक निळी वही घेतली. उजव्या पानावर ट्यूबचा नंबर आणि वजन. डाव्या पानावर किती वाजता डबा काढला ती वेळ, आणि तिच्याखाली लान त्या दिवशी काय काय करत होती ते. पुरावा जमवायचा तर पूर्ण जमवावा.

वेळ निवडली दुपारची. जेवण उरकलं की एक वाजता आमच्या मजल्यावरचे दिवे बंद होतात आणि सगळे टेबलावर डोकी टेकतात. कुणाची उशी, कुणाचा हात, कुणाचं नुसतंच गाल दाबून घोरणं. दीडला गजर होईपर्यंत कुणी हलत नाही आणि कुणी दिवाही लावत नाही. त्या अर्ध्या तासात मी काट्यापाशी बसायचे. पडदे ओढलेले, अंधुक उजेड, समोर काट्याचे हिरवे आकडे.

मी काही अडाणी नाही. डबा ड्राय आइसवर ठेवायचे. एका वेळी एकच ट्यूब बाहेर. पण गार ट्यूबला लगेच दव धरतं आणि दवाचंही वजन भरतं, म्हणून ती दोन बोटांत धरून पुसायला लागायची. पुसून ठेवली तरी आकडा ठरायचा नाही. गार वस्तू काट्यावर ठेवली की शेवटचा आकडा सारखा डुगडुगतो. मग परत बोटांत धरायची, थोडा वेळ, आणि परत ठेवायची. एका दिवसात वीस-पंचवीस ट्यूब व्हायच्या. तीन-चार दिवसांनी पुन्हा पहिलीपासून.

वजनं बदलत होती! कधी कणभर कमी, कधी कणभर जास्त. कमी भरलं की मी डाव्या पानावर लिहायचे, *काढलं.* जास्त भरलं की लिहायचे, *पाणी घातलं.* माझं गणित कुठेच अडत नव्हतं.

तिकडे मुकादम सत्तरवरून चाळिसावर आला, चाळिसावरून अकरावर. लानच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. ती जेवायला एकटी बसायची, घरून आणलेला डबा, दाराजवळची खुर्ची. एकदा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"डब्याला आणखी कुणी हात लावतं का?"

मी तिच्याकडे असं बघितलं की शेजारी बसलेला आ-काई खुर्ची सरकवून उठून गेला. "तू लावतेस आणि मी लावते," मी म्हटलं. "तिसरं कुणी नाही. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली. पण गेली नाही. माझ्या हातांकडे बघत राहिली. मग गेली.

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! त्या दिवसापासून मी तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. आठव्या आठवड्यात मला दिसलं की ती आठवड्यातून एकदा जिन्याने खाली चौथ्या मजल्यावर जाते. चौथ्या मजल्यावर तिचं काही काम नाही. तिथे सगळ्यांसाठी एक जुना फ्रीझर आहे, जिथे लोक नको असलेल्या वस्तू ठेवून विसरतात.

मी दुपारच्या झोपेची वाट बघितली. दिवे गेले, आ-काई घोरायला लागला, लानने हातांत डोकं घातलं. मी मोबाइलचा उजेड घेऊन खाली उतरले. तिसऱ्या कप्प्यात, मागे, एक छोटी डबी. वर तिचं नाव. आत फॉइलमध्ये गुंडाळलेली एकच ट्यूब. झाकणावर माझ्याच अक्षरातला नंबर. एकसष्ट.

डबी बंद करून जशी होती तशी ठेवली आणि धावत वर आले. मुख्य डबा उघडला. सातव्या ओळीत एकसष्ट जागेवर होती.

दोन एकसष्ट!

आता बोला. खरी खाली लपवून वर खोटी ठेवलेली, नंबरसुद्धा माझ्या अक्षराची नक्कल करून. एक सापडली, म्हणजे सगळ्याच बदललेल्या असणार. आमचा मुकादम कधीच कुठेतरी विकला गेला होता आणि आम्ही पाण्याचे थेंब उणे ऐंशीला जपत होतो. मला इतका आनंद झाला की सांगायची लाज वाटते. दीडचा गजर व्हायच्या आधी मी सरांच्या दारात होते.

सरांनी लानला बोलावलं. दोन्ही एकसष्ट ड्राय आइसवर त्यांच्या टेबलावर.

"ही तू ठेवलीस?"

"हो, सर."

"आणि वरची?"

"तीही मीच ठेवली. त्यात नुसतं मिठाचं पाणी आहे. डबा कुणीतरी रोज मोजतं, म्हणून जागा रिकामी ठेवता आली नाही."

मी बोलले, "बघितलंत, सर? मोजतं म्हणे! मोजलं नसतं तर सगळा डबाच नेला असता."

"का केलंस?" सरांनी तिला विचारलं.

"एक तरी चांगली राहावी म्हणून. जागेवर आहे ना, ते आठवड्यातून एकदा बघून यायचे."

"कुणापासून?"

ती खाली फरशीकडे बघत राहिली. आमच्याकडे अपराधी माणूस असाच बघतो, आणि नुसता घाबरलेला माणूसही असाच बघतो. मी पहिलंच धरलं.

सरांनी स्वतः बाही वर केली. एक तपासणी फार सोपी आहे. तपकिरी रंगाचं पाणी असतं, त्यात प्रोटीनचा थेंब टाकला की ते निळं होतं. नुसतं पाणी टाकलं तर तपकिरीच राहतं. त्यांनी सात वाट्या मांडल्या. दोन एकसष्ट आणि डब्यातल्या दुसऱ्या पाच. मी शेजारी हाताची घडी घालून उभी. डब्यातल्या पाचही तपकिरीच राहणार अशी मी पैज लावली असती.

डब्यातली एकसष्ट तपकिरी राहिली. लान म्हणाली तसंच. पण खालची एकसष्ट आणि बाकी पाचही निळ्या झाल्या. चांगल्या गडद निळ्या.

"प्रोटीन आहे की," सर म्हणाले. "जेवढं हवं तेवढं आहे. कुणी काही काढलेलं नाही."

मग त्यांनी त्याच ट्यूबमधला मुकादम काम करतो का ते बघितलं. त्याला चार तास गेले. खालून आणलेली एकसष्ट आली अडुसष्टवर. डब्यातल्या पाच आल्या दोन, चार, चार, नऊ आणि तीन.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे चोरी नाही. प्रोटीन जिथल्या तिथे आहे, पण मेलेलं आहे. या ट्यूब वितळून गोठल्यात, एकदा नाही, बऱ्याचदा. कुणीतरी काढतं आणि परत ठेवतं." त्यांनी लानकडे बघितलं. "डब्याला हात तुम्हा दोघींचाच. ताईंनी तर तो नियम मला शिकवलाय. मग राहिलं कोण?"

लान तरीही बोलली नाही. एकदा फक्त माझ्याकडे बघितलं. डोळे पाण्याने भरले होते की तिच्या चष्म्याच्या काचेचा भास होता, कोण जाणे.

मी गप्प बसले. ठाऊक होतं आणि लपवलं, असं नाही. पण *काढतं आणि परत ठेवतं* हे शब्द कानावर पडल्यावर आत काहीतरी हललं होतं. त्याच्यावर मी पाय देऊन उभी राहिले.

"तीन महिने संपले की थांबू या, लान," सर म्हणाले. "कारण मी कुठे लिहिणार नाही. पण पुढच्या ठिकाणाहून कुणी फोन करून विचारलं, तर मला खोटंही बोलता यायचं नाही."

"हो, सर," ती म्हणाली.

त्या रात्री मला माशाची पेज गेली नाही. नवरा म्हणाला, "चोर सापडला ना? मग खा की." मी त्याच्यावर खेकसले.

दुसऱ्या दिवशी एक वाजता दिवे गेले. मी काट्यापाशी बसले. डब्यातली एक मेलेली ट्यूब काढली, पुसली, काट्यावर ठेवली. आकडा डुगडुगायला लागला. मी ती परत बोटांत धरली. आणि मग उठून भिंतीवरचं बटण दाबलं.

भक्क उजेड पडला. पंधरा डोकी टेबलावरून वर आली.

"ताई! दिवा!" आ-काई ओरडला. "एक तर आधीच आयुष्य संपत आलंय, झोपू तरी द्या."

"गप बस," मी म्हटलं. आवाज असा निघाला की तो खरंच गप्प बसला.

मी ट्यूब उजेडाकडे धरली. तळाशी पांढरा खडा होता. माझ्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मध्ये. मी मनात मोजायला लागले. चारला त्याच्या कडा ओल्या झाल्या. सातला तो घरंगळला. नऊला तिथे पांढरं काही उरलं नव्हतं, नुसता एक स्वच्छ थेंब, आणि तो ट्यूब हलवली की हलत होता. आणि आकडा ठरायची वाट बघत मी रोज ती तीस-तीस, चाळीस-चाळीस सेकंद धरत होते. अंधारात. सव्वीस वर्षांचा अनुभव घेऊन.

मी खुर्चीत बसले. पोरं बघत होती. कुणीतरी म्हणालं, "ताईंना पाणी द्या."

वही उघडली. मेलेल्या पाच ट्यूब शोधल्या. एकीचं मी सात वेळा वजन केलं होतं, एकीचं सहा, एकीचं सहा, एकीचं पाच. नऊवर आलेली ट्यूब मी चारदा काट्यावर घातली होती. त्याआधीचं मोजणं वेगळंच; शंभराचे सत्तर झाले ते टेबलावरच्या त्या रोजच्या पाच-सहा मिनिटांत. आणि लानने एकसष्ट नेली ती मी वजनं सुरू केली त्याच्या तिसऱ्या दिवशी, सातव्या ओळीपर्यंत माझा हात पोचायच्या आधी. तिच्या फॉइलवर तारीख होती. तिने एक्याऐंशीतली एक माझ्या हातून सोडवली होती, आणि त्याबद्दल मी तिला चोर म्हटलं होतं.

मला रडू आलं नाही. लाज वाटली, इतकी की मान वर होईना.

सरांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं. "सर, मुकादम मी मारला." वही त्यांच्यापुढे धरली नाही, छातीशी धरून ठेवली. त्यांनी सगळं ऐकलं, मध्ये एकदाच विचारलं, "वजन? कशासाठी?" मी म्हटलं, "तिला पकडायला."

ते उठले आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"ताई," सर म्हणाले, "फ्रीझर मध्येच बंद पडत होता असं लिहू. जुनाच आहे तो. लानचा करार मी पुढे नेतो. हे बाहेर कशाला जायला हवं? निवृत्तीला तुमची चार वर्षं राहिलीत."

खोटं सांगत नाही, मला बरं वाटलं. क्षणभर फार बरं वाटलं. मग मनात आलं, फ्रीझर बंद पडत होता तर एकसष्ट खाली का लपवली होती? लोक तेच विचारणार. आ-काई पहिला विचारणार. करार मिळेल, पण जिन्यात, जेवताना, पुढच्या फोनवर, ती ट्यूब लपवणारीच राहणार. तिचं नाव फक्त माझ्या नावावर पाय देऊनच साफ होणार होतं.

"नको, सर," मी म्हटलं. "सोमवारी बैठकीत मी सांगते."

आणि सांगितलं. पंधरा जणांसमोर, उभं राहून. कुणी हसलं नाही. आ-काईसुद्धा नाही, हेच जास्त लागलं. लान दाराजवळच्या तिच्या खुर्चीत बसली होती. सर म्हणाले तिचा करार तीन वर्षांचा झाला. तिने मान हलवली.

बैठक संपल्यावर मी तिच्यामागून गेले. ती तिच्या टेबलाशी पोचली होती.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"हो. थेंब तळाशी नसायचा, ताई. ट्यूबच्या कडेला चिकटलेला असायचा. वितळल्याशिवाय तो हलत नाही. आणि तुमच्या बोटांची कातडी सोललेली होती. गार वस्तू धरून धरून सोलते तशी."

"मग बोलली का नाहीस? सरांसमोर तरी?"

"आधीच्या ठिकाणी बोलले होते," ती म्हणाली. "तिथे नोकरीत मी सहा वर्षांची होते आणि ते साहेब वीस वर्षांचे. इथे मी दोन महिन्यांची आणि तुम्ही सव्वीस."

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मग ती कामाचं बोलली. "ताई, वजनाची वही मला लागेल. कोणती ट्यूब किती वेळा वितळली ते कळलं, तर माझे जुने आकडे त्या हिशेबाने दुरुस्त करता येतील. अर्धे प्रयोग तरी वाचतील."

"मी तुला नीट उतरवून देते," मी घाईघाईने म्हटलं. "अक्षर वाईट आहे."

"वेळा पण लागतील. किती मिनिटं बाहेर होती ते."

वेळा डाव्या पानावर होत्या. प्रत्येक वेळेखाली ती होती, मी लिहिलेली. उतरवून देते असं मी पुन्हा म्हणू शकले असते, आणि नुसत्या वेळा उतरवल्या असत्या. तिने आग्रह केला नसता. पण उतरवून काढलेल्या आकड्यांवर मी स्वतः तरी विश्वास ठेवला असता का? दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर मीच पहिल्यांदा म्हटलं असतं, पानं का लपवतेस?

मी वही तिच्या हातात दिली.

ती बसली आणि वाचायला लागली. उजवं पान, मग डावं पान. मी उभीच होते. जा म्हणाली नाही आणि बस म्हणाली नाही. *नऊ दहाला आली. दहा मिनिटं उशीर.* पान उलटलं. *फोनवर हळू बोलत होती.* पान उलटलं. *डोळे लाल. नाटक.* तिथे तिचं बोट क्षणभर थांबलं, आणि पुढे गेलं. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. ती खरंच वेळाच शोधत होती, शेजारी आपल्या वहीत आकडे लिहून घेत होती.

अकराव्या पानावर ती थांबली. मी वाकून बघितलं. *जाताना पिशवी जड. काहीतरी नेतेय.*

"हे चुकलंय," लान म्हणाली.

"काय?"

"नेत नव्हते. सकाळी आणले होते. पेरू. आईच्या बागेतले, येनचाओ गावचे. तुमच्यासाठी." तिने वाक्य नुसतं दुरुस्त करून सांगितलं, एखादा आकडा चुकावा तसं. "तुमच्या टेबलाशी तीनदा आले. तुम्ही वर बघितलंच नाहीत. मग परत घेऊन गेले."

तिने पेन्सिलने त्या ओळीवरची वेळ आपल्या वहीत उतरवून घेतली आणि पान उलटलं. वहीत अजून एकतीस पानं होती.